गिऱ्हाईक बदललं की जाहिरातीच्या डिझाइनमध्ये नेमकं काय बदलायचं?

प्रश्न शहाद्याकडच्या एका नवीन डिझायनर भाऊचा आहे. कोर्समध्ये त्याला शिकवलं की टार्गेट ऑडियन्स म्हणजे वय, स्त्री-पुरुष, उत्पन्न, मग तरुणांना भडक रंग, बायकांना गुलाबी, श्रीमंतांना काळ्यावर सोनेरी. आता दुकान टाकल्यावर बियाणंवाला, सोनार, क्लासवाला असे क्लायंट येताहेत आणि त्या तक्त्यातून काहीच निघत नाही, तर डिझाइन बदलायचं कशावरून, असं त्याने विचारलंय. मी जळगावात हेच काम करतो, भिंती रंगवायचे दिवस होते तेव्हापासून ते आता रील्सपर्यंत, तर जमेल तसं सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे तो तक्ता फेकू नका पण डिझाइनला बसताना बाजूला ठेवा. वय आणि उत्पन्न हे जाहिरात कुठे लावायची, कोणत्या पेपरला द्यायची, मोबाईलवर कोणाला दाखवायची ह्यासाठी कामाचं असतं. डिझाइन बदलतं ते समोरच्याच्या शंकेवरून. तुमच्या जाहिरातीसमोर जो माणूस उभाय त्याच्या मनात त्या वस्तूबद्दल एक मोठी शंका असते, दहा नसतात, एकच मोठी असते, आणि डिझाइनमधली सगळ्यात मोठी गोष्ट, मग तो फोटो असो, आकडा असो की ओळ, तिने त्या शंकेला उत्तर द्यायला पाहिजे. गिऱ्हाईक बदललं की शंका बदलते म्हणून डिझाइन बदलतं. रंग, फॉन्ट वगैरे त्याच्या मागून येतात.

आता कापसाचं बियाणं घ्या, आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा ह्याच पोस्टरवर जातो आणि सगळ्यात जास्त वायाही इथेच जातो. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, 2015 च्या आदेशापासून, म्हणजे 'स्वस्त' हा मुद्दाच राहत नाही. मग शेतकऱ्याची शंका काय, तर 'हे माझ्या वावरात खरंच येईल का'. त्यात 2017 ला गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापसाचं जे नुकसान केलं त्यानंतर तर पाकिटावर काय छापलंय ह्यावर कोणी सहज विश्वास ठेवत नाही. आणि अशा माणसासमोर आपण काय ठेवतो? स्टॉक फोटोतला पांढराशुभ्र सदरा घातलेला हसरा मॉडेल, मागे पंजाबातला गहू. शेतकरी लांबूनच ओळखतो की ही माती आपली नाही, आणि तिथेच जाहिरात संपली, खाली मग 'भरघोस उत्पादन' कितीही मोठं लिहा.

त्यापेक्षा मोबाईलने काढलेला फोटो चालेल, पण खरा. काळी जमीन, झाड मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतंय, शेजारी स्वतः शेतकरी उभा, आणि खाली त्याचं नाव, गाव, तालुका, लागवडीची तारीख, ठिबकवर की कोरडवाहू. हे कॅप्शन बारीक नको, कंपनीच्या नावाखालोखाल तेच मोठं पाहिजे, कारण वाचणारा आधी गाव बघतो. चोपड्याच्या माणसाला यावलचा प्लॉट चालतो, विदर्भातला दाखवला तर म्हणेल तिकडची जमीन वेगळी. त्या शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्या, आणि फोटो फोटोशॉपमध्ये टाकून बोंडं इतकी पांढरी करू नका की निळी दिसायला लागतील. ज्याने आयुष्यभर वेचणी बघितलीय त्याला बोंडाचा रंग आपल्यापेक्षा जास्त कळतो.

आता तेच बियाणं कृषी केंद्रवाल्यासाठी. त्याची शंका पूर्ण वेगळी: माल वेळेवर येईल का, उरला तर परत घेतील का, मला काय सुटेल. त्याला बोंडाचा फोटो दाखवून काय उपयोग? त्याला एका पानाची पीडीएफ पाहिजे, व्हॉट्सॲपवर झूम न करता वाचता येईल अशी, स्कीमचा तक्ता, गाडी कधी निघणार ती तारीख, माणसाचा नंबर. कंपन्या एकच पोस्टर दोघांना पाठवतात, ते दुकानदाराच्या कपाटामागे जातं आणि मग साहेब विचारतात रिस्पॉन्स का नाही.

वेळेचंही बघा. पूर्वहंगामी कापूस लावणारा बागायतदार मे महिन्यातच लागवडीला लागतो, म्हणजे त्याचं ठरलेलं असतं त्याच्या आधी. कोरडवाहूवाला पावसाची वाट बघतो. म्हणून मेच्या आधीच्या फ्लेक्सवर ठिबकची नळी दिसली पाहिजे आणि जूनमधल्या फ्लेक्सवर नाही, माल तोच असला तरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल सुरू होतं, लेकी माहेराला येतात, घरात सगळे एकत्र असतात, खर्चाचे निर्णय तेव्हा बोलले जातात. पुण्याहून येणाऱ्या कॅम्पेनच्या कॅलेंडरमध्ये गुढीपाडवा असतो, दिवाळी असते, अक्षय्य तृतीया असलीच तर फक्त सोन्यासाठी असते. इथे ती सगळ्यासाठी आहे. तसंच श्रावणात कानबाईचा सण, तेव्हा सुरतेकडची, नाशिककडची माणसं गावाला येतात.

केळीवाल्यांकडे आलं की आणखी एक समज मोडतो, तो म्हणजे 'ग्रामीण भागासाठी मजकूर कमी, चित्रं मोठी'. असं काही नसतं हो. रावेर, यावलचा केळी उत्पादक टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, रोपं घेताना जे पत्रक वाचतो ते ओळ न् ओळ वाचतो. मृगबाग की कांदेबाग (म्हणजे पावसाच्या सुरुवातीची लागवड की नंतरची), रोपाची उंची किती, पानं किती, व्हायरसची तपासणी झालीय का, रोप मेलं तर बदलून मिळेल का, सगळं त्याला पाहिजे, आणि ते पत्रक घरी कपाटात ठेवतो. तिथे 'कमीत कमी शब्द' करून सुंदर मोकळं डिझाइन केलं तर त्याला वाटतं हे काहीतरी लपवताहेत. मजकूर किती ठेवायचा हे वाचणाऱ्याच्या शिक्षणावरून ठरत नाही, त्याच्याकडे त्या क्षणी वेळ किती आहे ह्यावरून ठरतं. तोच बागायतदार मुंबई-आग्रा हायवेवर शिरपूरकडे गाडी चालवत असेल तर ताशी 60 च्या स्पीडला सेकंदाला साधारण 17 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरून होर्डिंग दिसलं तर त्याच्याकडे सहा सेकंद आहेत आणि त्यातलेही बरेच रस्त्यावर. तिथे सहा-सात शब्द, एक चित्र, बस. माणूस एकच, घरी असला की चारशे शब्द वाचतो आणि गाडीत सहा. म्हणून मी वय विचारायच्या आधी क्लायंटला विचारतो, हे कुठे लागणार?

सोन्याकडे येऊ. जळगावचा सराफ बाजार म्हटलं की बाहेरच्या जिल्ह्यातूनही लोक गाडी करून येतात, त्यामुळे इथे स्पर्धा मोठी आणि सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच, लाल मखमल, मॉडेल, सोनेरी अक्षरं. इथे एक लक्षात घ्या की लग्नाच्या सोन्यात घालणारी वेगळी, पसंत करणारी वेगळी, पैसे देणारा वेगळा. मुलीला डिझाइन बघायचंय, आईला वजन आणि मोडीला काय मिळेल ते, बापाला घडणावळ. तिघांच्या तीन शंका एका फ्लेक्सवर भरल्या की कोणाचंच समाधान होत नाही. मी काय करतो, होर्डिंगवर एकच दागिना मोठा, बाकी शांत, हे मुलीसाठी आणि दुकानाच्या रुबाबासाठी. पेपरातल्या जाहिरातीत घडणावळीची टक्केवारी मोठ्या आकड्यात, कारण पेपर बाप वाचतो. आणि काउंटरवर जी छोटी स्टँडी असते तिच्यावर हॉलमार्क कसा बघायचा ते: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी लागतोच, म्हणजे 'आमच्याकडे हॉलमार्क' हे मोठ्याने सांगण्यासारखं राहिलं नाही, पण तो कुठे बघायचा हे दाखवलं की आईची शंका मिटते. जुन्या पेढ्यांचं एक सांगतो, त्यांच्या पाटीचं अक्षर पेंटरने पन्नास वर्षांपूर्वी काढलेलं असेल, वाकडं वाटेल, ते 'मॉडर्न' करायला जाऊ नका. गिऱ्हाईक त्या अक्षरावरून दुकान ओळखतं.

क्लासेसवाले. इथेही पैसे बाप देतो पण हल्ली क्लास पोरगंच ठरवतं. पोराची शंका 'माझ्यासारख्याचा नंबर लागेल का', बापाची 'पोर तिथे नीट राहील का, पैसे किती हप्त्यात'. म्हणून बापाचं पत्रक म्हणजे फी, होस्टेल, मेस, शिक्षकांची नावं, आणि मुलगी असेल तर होस्टेलवर रात्री कोण असतं ही ओळ, ती मोठी, कारण ती आई वाचणार. पोरासाठी शिक्षक एक अवघड गणित सोडवतोय असा अर्ध्या मिनिटाचा उभा व्हिडिओ, त्यात क्लासचा लोगो आधी दाखवू नका, गणित आधी. आणि ते पासपोर्ट फोटोंचं जाळं जे सगळेच छापतात, त्याबद्दल एक: नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो-नाव वापरता येत नाही आणि त्याने कोणता कोर्स केला होता हेही फोटोसोबत द्यावं लागतं. फक्त टेस्ट सिरीज घेतलेला पोरगा 'आमचा विद्यार्थी' म्हणून वर झळकवता येत नाही. क्लासवाला म्हणेल सगळेच करतात, तुम्ही त्याला सांगून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर लिहून सांगा. डॉक्टरांच्या जाहिरातीवर तर आणखी बंधनं आहेत, दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला एवढ्यापुरतं ठेवा.

आता नंदुरबार, तुम्ही शहाद्याचे आहात म्हणून हे जास्त सांगतो. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरी, भिलोरी बोलणारा माणूस मराठी समजतो, पण छापील मराठी फ्लेक्स वाचायला तो थांबेलच असं नाही. तिथे पहिलं माध्यम आवाज आहे, आठवडे बाजारात फिरणारी गाडी आणि त्यावरचं रेकॉर्डिंग, आणि ते तिथल्याच माणसाच्या आवाजात. जळगावातल्या स्टुडिओत कोणाकडून तरी 'आदिवासी टोन' करून घेऊ नका, ऐकणाऱ्याला ते टिंगल वाटते. ह्या बाबतीत हिंदुस्तान युनिलिव्हरने 2013 च्या सुमारास बिहार-झारखंडमध्ये केलेलं 'कान खजूरा टेसन' बघण्यासारखं आहे. जिथे वीज नाही, टीव्ही नाही, पण मोबाईल आहे, तिथे माणसाने फक्त मिस कॉल द्यायचा, मग परत फोन येतो आणि फुकटात गाणी, विनोद आणि मधे मधे जाहिराती. त्यांनी टीव्हीची जाहिरात सोपी करून दाखवली नाही, तिथल्या माणसाकडे काय आहे ते बघून माध्यमच बदललं. आपल्या स्केलला त्याचा अर्थ एवढाच की आधी हातात काय आहे ते बघा.

आणि कृपा करून होळीच्या, भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजार-जत्रेच्या) पोशाखातले नाचणारे लोक प्रत्येक जाहिरातीत टाकू नका. मोटारपंप विकायचाय ना, मग पंप चालवणारा माणूस दाखवा, शर्ट-पँट मध्ये, जसा तो रोज असतो. स्वतःला सणाच्या कपड्यात सिमेंट विकताना बघणं कोणाला आवडेल?

वाचता न येणाऱ्यांसाठी रंग आणि चिन्हं वापरा असं पुस्तकात असतं, ते अर्धंच खरं आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन बघा, त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. कित्येक वर्षं तो डब्यावर आहे, आणि फवारणी करणाऱ्या मजुराला विचारा पिवळा आणि निळा यात जास्त विषारी कोणता, बहुतेक जण अंदाजाने सांगतील. रंग आपोआप बोलत नाही, तो कोणीतरी शिकवावा लागतो. निवडणुकीतली चिन्हं चालतात कारण ती माणसाच्या ओळखीच्या वस्तू असतात आणि प्रत्येक प्रचारात तोंडी सांगितली जातात. म्हणून नुसतं आयकॉन टाकून मोकळं होऊ नका, आवाज आणि चित्र जोडीने द्या.

अहिराणीबद्दल, म्हणजे आपल्या खान्देशी बोलीबद्दल, नेहमी विचारतात, जाहिरात अहिराणीत करू का. माझं मत, कानाला करा, डोळ्याला जपून. रील, रिक्षातलं रेकॉर्डिंग, युट्यूबचा व्हिडिओ, इथे अहिराणी मस्त चालते, विशेषतः सुरतेला उधना, लिंबायत भागात आपले जे लोक राहतात त्यांच्यासाठी, त्यांना तिकडे आपली बोली ऐकू आली की हात थांबतो. पण छापील फ्लेक्सवर लांब अहिराणी वाक्य वाचायची सवय लोकांना नाही, शाळेत वाचली ती प्रमाण मराठी, म्हणून ते अडखळतात. एखादी छोटी ओळ चालते, 'आपला गावनं दुकान' एवढी. आणि कोणत्या मालासाठी हेही बघा, हॉटेल, कपडे, मंडप, डीजे, तिथे घरचेपणा पाहिजे. बँकेच्या ठेवीसाठी किंवा ऑपरेशनसाठी अहिराणी वापरली तर आपलेच लोक गंमत समजतात, हे वाईट आहे, पण आज तरी असं आहे. शिवाय सगळं खान्देश अहिराणी नाही, रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लेवा बोली आहे, ती वेगळी, तिथे धुळ्याची अहिराणी लावली तर 'हे आमचं नाही' म्हणतील. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तर हिंदीशिवाय काम होत नाही. तिथे दोन भाषांत करताना फॉन्टकडे बघा, हिंदीचा ल आणि श वेगळ्या वळणाचे असतात, फुकटच्या बऱ्याच फॉन्टमध्ये तेच येतात, मग मराठी मजकूरही परका दिसतो आणि का परका दिसतोय ते क्लायंटला सांगता येत नाही.

बरं, एकाच ब्रँडने सगळ्यांना खूश करायचं का? निरमाचं उदाहरण घ्या. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 ला सुरू केलेली पावडर, स्वस्त, आणि जाहिरातीत फ्रॉकवाली मुलगी, गाणं, आनंदीआनंद. सर्फवाल्यांनी तिच्याशी भांडायला 80 च्या दशकात ललिताजी आणली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पण हिशोब कळणारी बाई. सर्फ घेणाऱ्या गृहिणीची शंका होती 'मी जास्त पैसे देऊन फसतेय का', तिला एका हुशार बाईकडून उत्तर दिलं. आणि ज्यांना स्वस्तच पाहिजे होतं त्यांच्यासाठी कंपनीने सर्फचा चेहरा बदलला नाही, व्हील नावाची वेगळी पावडर आणली. आपल्या क्लायंटला हे सांगावं लागतं. साडीचं दुकान 'लग्नाचा बस्ता' पण म्हणतंय आणि त्याच फ्लेक्सवर 'प्रत्येक साडी 199' पण, दोन्ही गिऱ्हाईकं बिचकतात. दोन फ्लेक्स करा, दोन वेगळ्या रस्त्यांवर लावा.

म्हातारी माणसं हा एक ऑडियन्स सगळे विसरतात, आणि आपल्याकडे ठेवी, चष्मे, गुडघ्याचे दवाखाने, तीर्थयात्रेच्या बस ह्या सगळ्याचं गिऱ्हाईक तेच. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, त्यामुळे पत्रकातला टाइप मोठा, फॉन्ट बारीक रेषेचा नको, फोटोवर अक्षरं टाकू नका. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, ती नाही दिली तर खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकारात अडकते. अटी-शर्ती तळाला मुंगीएवढ्या लिहायची सवय पण सोडा, 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरच्या सूचनांमध्ये डिस्क्लेमर हा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये पाहिजे असं आहे. मराठीत दावा आणि इंग्रजीत अट, हे चालत नाही.

तपासायचं कसं, तर फार खर्च नाही. 20 फुटी होर्डिंग 100 फुटांवरून जेवढं दिसतं तेवढंच 20 सेंटिमीटर रुंद प्रिंट एक मीटरवरून दिसतं. म्हणून तेवढी प्रिंट काढा, भिंतीला लावा, हायवेचं असेल तर आणखी मागे जा, आणि ऑफिसमधल्या पोराला नाही तर खऱ्या गिऱ्हाईकाला पाच सेकंद दाखवून झाका. 'आवडलं का' विचारू नका, सगळे आवडलं म्हणतात. 'काय होतं त्यात' विचारा. त्याने फक्त रंग सांगितला, किंवा नुसता नेत्याचा फोटो सांगितला, तर परत बसा. मोबाईलचं डिझाइन असेल तर दुपारी बाहेर उन्हात उभं राहून बघा, वावरात ते तसंच बघितलं जाणार आहे, काळ्या बॅकग्राउंडवरचं राखाडी अक्षर तिथे गायब होतं.

राहता राहिला पैशाचा भाग. क्लायंट म्हणतो एकच तर डिझाइन आहे, साइज बदलून द्या. वर सांगितलं तसं शेतकऱ्याचं, डीलरचं आणि पोराचं व्हर्जन ही वेगळी कामं आहेत, नुसती साइज नाही. त्यामुळे कोटेशनमध्येच ऑडियन्सप्रमाणे वेगळी ओळ टाका, साइज बदलण्याचा रेट वेगळा, मजकूर आणि फोटो बदलण्याचा वेगळा, आणि फोटोसाठी शेतावर जायचं असेल तर गाडीभाडं त्यात धरा. हे सगळं कामाच्या आधी ठरवा. आणि प्रिंटिंगला फाइल देताना फॉन्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच, द्या, नाहीतर रात्री अकराला फ्लेक्सवाल्याचा फोन येतो की भाऊ सगळी जोडाक्षरं फुटली.